येरवड्याची व्हिडिओ मुलाकत का अडकते?

प्रश्न: माझे मिस्टर सोलापूरच्या जेलमध्ये होते तोवर दर आठवड्याला भेट व्हायची. केसचा निकाल लागला, सात वर्षांची शिक्षा झाली आणि पाच महिन्यांपूर्वी त्यांना येरवड्याला हलवलं. मी कुंभारीच्या विडी घरकुलात राहते, विड्या वळते. पुण्याला जायचं म्हणजे दोन दिवसांचा रोज बुडतो आणि भाडं वेगळं. म्हणून व्हिडिओवरून भेट मागितली. पहिल्यांदा "कैदी सापडला नाही" म्हणून नाकारली. दुसऱ्यांदा नेट कॅफेवाल्याने तीनशे रुपये घेऊन फॉर्म भरला, पण मला काही मेसेज आला नाही. आठ दिवसांनी तो म्हणाला, "मंजूर झाली होती, तारीख गेली." तिसऱ्यांदा लागली, चेहरा दिसला, पण आवाज येईना. वीस मिनिटांतली निम्मी "हॅलो हॅलो" करण्यात गेली. सासूबाईंना फक्त तेलुगु येतं, त्या नुसत्या रडत बसल्या. मुलगा तिसरीत आहे. त्याला आम्ही "बाबा हैदराबादला कामाला गेलेत" असं सांगितलंय, म्हणून त्याला शेजारी पाठवलं होतं. आता पुन्हा फॉर्म भरायची हिंमत होत नाही. काय करू?
— एक बहीण, सोलापूर

उत्तर: ताई, तीन वेळा तीन वेगळ्या गोष्टी बिघडल्या. त्यामुळे तुम्हाला वाटतंय की हे आपल्याच्याने होणारं काम नाही. पण तिन्ही गोष्टी दुरुस्त होतात, आणि त्यासाठी तीनशे रुपये लागत नाहीत. ई-मुलाकतीची, म्हणजे तुरुंगातल्या भेटीची ऑनलाइन, नोंदणी फुकट आहे. मुलाचा प्रश्न मात्र फॉर्मपेक्षा अवघड आहे. तो शेवटी घेऊ.

आधी "कैदी सापडला नाही" हे बघू. तुरुंगाच्या संगणकात कैद्याचं नाव कोर्टाच्या वॉरंटवर जसं लिहिलेलं असतं तसं चढतं. घरी आपण काय हाक मारतो, रेशन कार्डावर काय आहे, याच्याशी त्याचा संबंध नसतो. सोलापुरात तर हा घोळ ठरलेलाच. व्यंकटेश हे नाव इंग्रजीत कुणी वाय घालून लिहितं, कुणी वायशिवाय. श्रीनिवासमध्ये कुणी एच घालतं, कुणी घालत नाही. तेलुगु घरांत आडनाव आधी येतं, पोलीस ते शेवटी नेतात, आणि कधी वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर उरतं. फॉर्मवर कैद्याचं नाव, वडिलांचं नाव आणि वय तुम्ही भरता. तिकडचा कर्मचारी ते समोरच्या नोंदीशी ताडून बघतो. नाव जुळलं नाही की त्याला नकार देणं सोपं असतं, आणि तो देतो.

म्हणून फॉर्मला हात लावण्याआधी नावाचं नेमकं इंग्रजी स्पेलिंग मिळवा. तुमच्या वकिलांकडे निकालाची प्रत असेल, तिच्या पहिल्या पानावर आरोपीचं नाव आहे. त्या पानाचा फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक वेळी त्यात बघूनच अक्षरं भरा. शिक्षा लागल्यावर मिस्टरांना एक बंदी क्रमांकही मिळालेला असतो. तो पत्रातून मागवून घ्या. पत्र, मनीऑर्डर, अर्ज, सगळीकडे तो लागणार आहे.

फॉर्म भरताना आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे जेलचं नाव. तुम्हाला सोलापूर जिल्हा कारागृहाची सवय आहे आणि यादीत बोट तिकडेच जातं. निवडायचं आहे येरवडा मध्यवर्ती कारागृह. येरवड्याच्याच नावाची खुली आणि महिलांची कारागृहंही आहेत. त्यांपैकी एखादं निवडलं गेलं तरी उत्तर तेच येईल, "सापडला नाही". दुसरं म्हणजे तुमचं स्वतःचं नाव. तुरुंगात दाखल होताना कैदी आपल्याला भेटायला येणाऱ्या नातेवाइकांची नावं देतो. तिथे मिस्टरांनी तुमचं सासरचं नाव सांगितलं असेल आणि आधार कार्डावर अजून माहेरचं असेल, तर कागदावर तुम्ही दोन वेगळ्या बाया झालात. आधारवर जे आहे तेच नाव यादीत लावायला त्यांना पत्रातून सांगा. सासूबाईंचं आणि मुलाचं नावही त्याच अर्जात घालायला सांगा. हा अर्ज आतून त्यांनीच करायचा असतो, बाहेरून तुम्ही करून भागत नाही.

आणखी एक गोष्ट. सोलापुरात ते कच्चे कैदी होते, म्हणजे केस चालू होती, म्हणून आठवड्याला भेट होत होती. शिक्षाबंद्याची, म्हणजे शिक्षा लागलेल्या कैद्याची, पाळी साधारण पंधरवड्याला येते. जुन्या सवयीने दर आठवड्याला फॉर्म भरत राहिलात तर मधला प्रत्येक फॉर्म नाकारला जाईल, आणि तुम्हाला वाटेल काहीतरी चुकतंय.

आता कॅफेवाला. तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण काय झालं असेल ते सरळ दिसतं. फॉर्ममध्ये मोबाइल आणि ईमेल विचारतात, ओटीपी येतो, आणि मंजुरी झाली की तारीख, वेळ, लिंक, रूम क्रमांक आणि पिन हे सगळं त्याच ईमेलवर जातं. कॅफेवाल्यांकडे वेळ नसतो, ते स्वतःचा ईमेल टाकून मोकळे होतात. म्हणजे तुमच्या नवऱ्याच्या भेटीचं पत्र त्याच्या पेटीत पडलं, विजेची बिलं आणि पॅन कार्डाच्या अर्जांखाली दबलं, आणि त्याने ते आठ दिवसांनी उघडलं. लबाडीच असेल असं नाही. पण ओटीपी त्याच्याकडे, पिन त्याच्याकडे असेल, तर भेटीची किल्लीही त्याच्याकडेच राहणार.

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये प्ले स्टोअर चालतं ना? मग त्यात तुमचा ईमेल आधीच आहे. सेटिंगमध्ये गुगलवर बोट ठेवा, वर पत्ता दिसेल. तो वहीत लिहून ठेवा. पासवर्ड आठवत नसेल तरी फोनमधली जीमेल उघडली की मेल दिसतात. शेजारच्या एखाद्या दहावी-बारावीच्या पोरीला हाताशी घ्या आणि फॉर्म स्वतःच्या फोनवर भरा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने चालवलेलं ई-प्रिझन्सचं संकेतस्थळ उघडायचं. पत्त्याच्या शेवटी 'एनआयसी डॉट इन' किंवा 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, तेवढं बघायचं. दुसरं काही असेल आणि पैसे मागत असेल, तर बाहेर पडायचं. आत ई-मुलाकत, त्यात नवीन भेटीची नोंदणी. तुमची माहिती, ओळखपत्राचा क्रमांक, फोटो, मग कैद्याची माहिती, नातं, तारीख, आणि भेटीचा प्रकार. हा प्रकार नीट बघून निवडा. प्रत्यक्ष भेट निवडली गेली तर लिंक येणारच नाही आणि तुम्ही वाट बघत बसाल.

फोटो चढत नसेल तर तो बहुतेक वेळा आकाराने मोठा असतो. सोपा उपाय सांगतो. तोच फोटो व्हॉट्सअॅपवर बहिणीला पाठवा, तिला परत पाठवायला सांगा आणि तो उतरवून घ्या. वाटेत तो आपोआप लहान होतो. ओळखपत्राच्या फोटोला ही युक्ती करताना अक्षरं वाचता येतायत ना, बघून घ्या. पुसट आधार कार्ड हेही नकाराचं एक कारण असतं.

सगळं भरल्यावर एक नोंदणी क्रमांक मिळतो. त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि वहीतही लिहा. त्याच संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून भेटीची स्थिती बघता येते. भेटीच्या आदल्या दोन दिवसांत सकाळ-संध्याकाळ एकदा बघा, आणि जीमेलमधलं स्पॅमचं खोकंही उघडा. सरकारी मेल तिथे जाऊन पडण्यात पटाईत आहेत.

तिसरी वेळ, आवाजाची. याची कारणं चार-पाचच असतात. बऱ्याचदा होतं ते असं की मेलमधल्या लिंकवर बोट ठेवलं की पान जीमेलच्या पोटातच उघडतं, आणि तिथे माइकची परवानगी नीट मिळत नाही. लिंकवर बोट दाबून धरा, कॉपी करा आणि क्रोममध्ये नेऊन चिकटवा. क्रोम विचारेल, "माइक आणि कॅमेरा वापरू द्यायचा का?" होय म्हणा. घाईत एकदा "नाही" दाबलं गेलं की तो पुन्हा विचारत नाही. मग पत्त्याच्या पट्टीतल्या छोट्या खुणेवर जाऊन परवानगी चालू करावी लागते, आणि भेट सुरू असताना हे कुणालाच सुचत नाही. म्हणून आदल्या दिवशी क्रोममधूनच गुगल मीटवर बहिणीशी पाच मिनिटं बोलून बघा. व्हॉट्सअॅपवर करून बघितलेलं उपयोगाचं नाही, त्याची परवानगी वेगळी असते. मुलाकतीच्या पानावर मात्र क्रोम पुन्हा विचारेल, तेव्हाही होय म्हणा.

ब्लूटूथ बंद ठेवा. घरात कुणाचा स्पीकर किंवा कानातलं जोडलेलं असेल तर आवाज तिकडे जातो आणि तुम्ही फोनकडे बघत बसता. वायरचा साधा इअरफोन सगळ्यात भरवशाचा, पण तिघं बसणार असाल तर तो नको, फोनचा स्पीकरच ठेवा. एकाच खोलीत दोन फोनवरून एकच लिंक उघडू नका, किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि तिकडचा माणूस वैतागून तुमचा माइक बंद करतो. भेट सुरू असताना दुसरा फोन आला तर मुलाकतीचा आवाज तुटतो. म्हणून "डू नॉट डिस्टर्ब" लावा आणि कारखान्यातल्या, नात्यातल्या चार जणांना सांगून ठेवा. चार्जिंग भरलेलं हवं. डेटा दोनशे-तीनशे एमबी शिल्लक हवा, कारण दिवसाचा कोटा संपला की चित्र गोठतं. पत्र्याच्या खोलीत दुपारी रेंज घसरत असेल तर दारापाशी बसा, पण उजेड पाठीमागे येऊ देऊ नका. नाहीतर त्यांना तिघांच्या काळ्या सावल्या तेवढ्या दिसतील. शेजारी यंत्रमाग चालत असेल तर त्याची खटखट तुम्हाला सवयीने ऐकू येत नाही. त्यांना मात्र तेवढीच ऐकू येते.

आणि एक पाटी जवळ ठेवा. मुलाची पाटी, खडू. आवाज गेला की मोठ्या अक्षरात "आवाज येत नाही" लिहून कॅमेऱ्यासमोर धरा. तुमच्या पडद्यावर अक्षरं उलटी दिसतील, तिकडे सुलटच दिसतात, त्यामुळे पुसू नका. पाटी वाचून त्यांनी कानाला हात लावला, तर त्यांनाही तुमचं ऐकू येत नाहीये. त्यांनी मान हलवून "मला येतंय" अशी खूण केली, तर तुमचा स्पीकर बघायचा किंवा त्यांचा माइक. एवढं कळलं तरी "हॅलो हॅलो" मधली आठ मिनिटं वाचतात. लाइन तुटली तर घाबरून नवीन काही शोधत बसू नका. तीच लिंक, तोच पिन, परत आत.

दिलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी लिंक उघडून बसा. समोर कुणी दिसणार नाही. कैद्यांना बराकीतून आणून रांगेत बसवतात, आधीच्याची भेट लांबली की तुमची सरकते. तेवढ्यात पाच वेळा बाहेर पडून आत येऊ नका. नेमकं तुम्ही बाहेर असताना ते येतात. शेजारच्या बायकांना पडद्यात डोकावू देऊ नका. फॉर्मवर नाव नसलेला चेहरा दिसला तर भेट तोडतात. रेकॉर्डिंग आणि स्क्रीनशॉट अजिबात नको, सासूबाईंना कितीही वाटलं तरी.

बोलायचं काय? हे तुम्ही विचारलेलं नाही, पण आवाज नीट आला असता तरी वीस मिनिटं अशीच गेली असती, असं आम्हाला वाटतं. कारण पहिली पाच रडण्यात जातात आणि उरलेली पैशावर. वहीत चार ओळी लिहून बसा. आधी लेकरू आणि सासूबाई, कारण त्यांना थांबवत नाही. मग घरचा एकच निर्णय, ज्यावर त्यांचं मत हवं आहे. दहा गाऱ्हाणी काढू नका, आत बसलेल्या माणसाला त्यांचं काही करता येत नाही आणि पुढचे पंधरा दिवस ती त्याच्या डोक्यात फिरतात. शेवटची दोन मिनिटं पुढच्या तारखेसाठी आणि त्यांना काय हवंय ते विचारण्यासाठी. केसबद्दल, साक्षीदारांबद्दल, अपिलात काय मांडायचं याबद्दल या भेटीत एक अक्षर नको. इथे बोलणं ऐकलं जातं. ते काम वकिलांनी आत जाऊन करायचं, त्यांची भेट वेगळी असते.

सासूबाईंच्या तेलुगुचं असं आहे. सोलापूरच्या जेलमध्ये तेलुगु-कन्नड समजणारे कर्मचारी असतात, त्यामुळे तिथे कुणी टोकलं नसेल. येरवड्यात ऐकणाऱ्याला कळलं नाही तर तो मधेच अडवू शकतो, आणि म्हातारं माणूस तिथेच खचतं. म्हणून मिस्टरांना सांगा, भेटीआधीच तिथल्या तुरुंगाधिकाऱ्यांच्या कानावर घालायचं की आईला मराठी येत नाही, ती तेलुगुत बोलेल. आणि भेटीच्या सुरुवातीला तुम्हीही मराठीत एकदा सांगा. मधेमधे एखादं वाक्य मराठीत उलटून सांगत राहिलात तर सहसा कुणी अडवत नाही. सासूबाईंनाही आधी सांगून ठेवा की आवाज क्षणभर उशिरा पोचतो. आपण बोललो की थांबायचं, मनात दोन मोजायचं. नाहीतर दोघंही एकदम बोलतात आणि एकदम गप्प होतात.

व्हिडिओवर सगळा भार टाकू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. व्हिडिओ बिघडतो, तारीख सरकते. पत्र मात्र पोचतं. अडीच रुपयांचं आंतरदेशीय पत्र, त्यावर नाव, बंदी क्रमांक, येरवडा मध्यवर्ती कारागृह, पुणे ४११००६. पत्रं उघडून वाचली जातात हे ध्यानात ठेवून लिहा. वर कोपऱ्यात पत्र १, पत्र २ असा आकडा टाकत जा आणि त्यांनाही टाकायला सांगा. मधलं एखादं राहिलं तर दोघांनाही कळतं आणि "तू लिहीतच नाहीस" हे भांडण होत नाही.

तुरुंगातून फोनही येतो, पण त्यांनी अर्जात दिलेल्या नंबरवरच. तुम्ही सिम बदललं असेल तर तो फोन जुन्या नंबरावर वाजत राहील. शिवाय फोनमध्ये "अनोळखी नंबर गप्प करा" असं सेटिंग असतं, ते बंद करा. तुरुंगाचा नंबर तुमच्याकडे सेव्ह नसणारच.

पैसे पाठवायचे तर मनीऑर्डर. शंभरला पाच रुपये कमिशन पडतं. फॉर्मवर बंदी क्रमांक घातला की ते त्यांच्या खात्यावर जमा होतात आणि कँटीनला वापरता येतात. महिन्याला किती चालतात याची मर्यादा असते, ती त्यांना पत्रातून विचारून मगच पाठवा. "तुमचे मिस्टर आत आजारी आहेत, लगेच गुगल पे करा" असा फोन आला तर एक रुपया देऊ नका. तुरुंग असे पैसे मागत नाही. दिले गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

आणि तरीही पुण्याला जा. दर महिन्याला नको, वर्षातून दोन-तीनदा. आगाऊ नोंदणी करून प्रत्यक्ष भेटीची तारीख घ्या, म्हणजे दोन दिवस मोडणार नाहीत. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी साडेसहाच्या सुमारास सोलापुरातून निघते, साडेदहाच्या आसपास पुण्यात पोचते आणि संध्याकाळी तीच परत आणते. नोंदणी न करता गेलात तर मात्र स्टेशनवरून येरवड्याला पोचेपर्यंत नावं घेणारी खिडकी बंद झालेली असू शकते, आणि मग मुक्काम. रविवार आणि सरकारी सुट्टी टाळा. मूळ आधार कार्ड न्या, मुलाचंही. मोबाइल आत नेता येत नाही, तेव्हा तो सांभाळणारं कुणी सोबत असू द्या किंवा घरीच ठेवा. जवळच्या तुरुंगात बदली मागावी का, हाही विचार मनात येईल. सोलापूरचं जेल जिल्हा कारागृह आहे, लांब शिक्षेचे कैदी मध्यवर्ती कारागृहात ठेवतात. कोल्हापूरचं कळंबा कारागृह मागितलं तर अंतरात फारसा फरक पडत नाही आणि अशी सकाळी जाऊन संध्याकाळी परतायची गाडीही नाही. येरवडाच बरं.

पुढेमागे रजेचा अर्जही करता येईल. शिक्षाबंद्यांना नियमांप्रमाणे संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) असते. पात्र केव्हा होणार हे त्यांनी आत विचारायचं, अर्जही त्यांनीच करायचा. पण त्याचा एक भाग तुमच्या दारात होतो. पोलीस पत्त्याची चौकशी करायला येतात. घर बंद दिसलं किंवा पत्ता बदललेला निघाला की अहवाल उलटा जातो. खोली बदललीत तर मिस्टरांना आणि वकिलांना लगेच कळवा.

नाव, तारीख, जेल, सगळं बरोबर असूनही पुन्हा नकार आला तर गप्प बसू नका. नकाराचा मेल जपून ठेवा आणि कारागृह अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज करा. नोंदणी क्रमांक, तारखा, "कारण लेखी कळवावे", एवढं पुरे. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती ठेवा. सोबत सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे एक प्रत द्या. महिलांना आणि तुरुंगात असलेल्यांना १९८७ च्या कायद्याने तिथे फुकट मदत मिळते. जाणं जमत नसेल तर १५१०० हा फोन आहे. कुटुंबाची भेट ही जेलरची मेहेरबानी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये फ्रान्सिस कोराली मुलिन प्रकरणात, तुरुंगात ठेवलेल्या माणसाला घरच्यांना भेटता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग धरला आहे. अर्जात ही एक ओळ लिहायला हरकत नाही. भांडणाचा सूर नको, ओळ असली की पुरे.

आता लेकरू. "हैदराबादला कामाला" हे फार दिवस टिकणार नाही. तो तिसरीत आहे, वस्तीतल्या पोरांना सगळं माहीत असतं, आणि त्यातलं कुणीतरी भांडणात त्याला ते तोंडावर सांगेल. त्या आधी तुम्ही सांगितलेलं बरं. भेटीच्या दिवशी नको, चार-पाच दिवस आधी, तो जेवत असताना किंवा विड्यांची पानं कापताना तुमच्या शेजारी बसलेला असताना. समोर बसवून "तुला एक सांगायचंय" असं सुरू केलंत तर तो आधीच घाबरेल. वाक्यं साधी ठेवा. "बाबा हैदराबादला नाहीत, पुण्याला जेलमध्ये आहेत. कोर्टाने सांगितलं की त्यांनी कायदा मोडला, म्हणून काही वर्षं तिथे राहायचं. मी तुला आधी खोटं सांगितलं, कारण मला कसं सांगावं कळत नव्हतं." हे शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर पुढचंही तो खरं मानणार नाही.

मग तो तीन गोष्टी विचारेल, आज नाही तर दोन दिवसांनी. तिथे जेवायला मिळतं का? कधी येणार? आणि तिसरी तोंडाने विचारणार नाही, पण मनात असते: माझ्यामुळे झालं का? तिसरीचं उत्तर न विचारताच द्या. दुसरीला वर्षांचा हिशोब सांगत बसू नका, "तू अमुक इयत्तेत जाशील तेव्हा" असं त्याला समजेल अशा भाषेत सांगा, आणि खात्री नसलेली तारीख कधीही देऊ नका. "गड्ड्याच्या जत्रेला येतील" असं बोलून गेलात, तर तो जानेवारी मोजत बसेल. काय गुन्हा केला, हे तपशिलात आत्ता नको. शाळेत कुणी विचारलं तर काय म्हणायचं तेही ठरवून द्या. "आमच्या घरातलं आहे, मला बोलायचं नाही" एवढं वाक्य त्याला पुरतं. आणि वर्गशिक्षिकांना तुम्ही स्वतः जाऊन एकदा सांगून ठेवा.

पडद्यावर बाबा कसे दिसतील हेही आधी सांगा. पांढरे कपडे असतील, केस बारीक असतील, मागे दुसरे लोक असतील, पोलीस असतील. हे माहीत नसेल तर पहिली दोन मिनिटं तो नुसता टक लावून बघेल, आणि तिकडे बापाला वाटेल पोरगं आपल्याला विसरलं. मिस्टरांनाही पत्रातून कळवा की मुलाला आता खरं माहीत आहे. नाहीतर ते तिकडून "इकडे हैदराबादला ना..." असं सुरू करतील.

पाच मिनिटं त्याची. प्रश्नोत्तरं नकोत, "अभ्यास करतोस का" ला तो "हो" म्हणेल आणि संपलं. हातात दाखवायला काहीतरी द्या. पडलेला दात, गणिताची वही, बोटाला झालेली जखम. मुलं दाखवत दाखवत बोलतात. त्याला मधेच उठून जायचं असेल तर जाऊ द्या, ओढून बसवू नका. पुढच्या वेळी नकोच म्हणाला तर त्याच्या चित्राचा कागद पत्रात घाला आणि बाबांकडून त्याच्याच नावाने उत्तर मागवा. शिक्षाबंद्यांच्या लहान मुलांसाठी राज्यातल्या कारागृहांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम घेतात, त्या दिवशी मधे काच नसते. येरवड्यात तो पुढे केव्हा आहे हे मिस्टरांना आत चौकशी करून नाव द्यायला सांगा. पुण्याची एक फेरी त्या दिवसासाठी राखून ठेवा.

आणि ती पाटी आवाजासाठी म्हणून ठेवलेली असली तरी द्या मुलाच्याच हातात. आवाज गेला की "आवाज येत नाही" लिहायचं काम त्याचं.